अवसेच्या मुहूर्तावर

लोक पंचांगात मुहूर्त शोधतात. हेमलताअक्का मुहूर्त नसलेले दिवस शोधायच्या. आषाढ, पितृपक्ष, पौष, गुरू-शुक्राचे अस्त आणि वर्षभरातल्या सगळ्या अवसा यांच्यावर त्या लाल पेन्सिलीने खुणा करायच्या. असा एखादा दिवस रविवारी आला की त्यांचा चेहरा सण असल्यासारखा उजळायचा. "देगलूर, ऐक," त्या मला म्हणायच्या, "यंदा शुक्र चांगला लांबलचक बुडालाय. आपली पुरी चैन आहे."

कारण साधं होतं. ज्या दिवशी कोणी लग्न करत नाही, त्या दिवशी फंक्शन हॉल रिकामे पडलेले असतात. हैदराबादच्या जामबागेतल्या यादगिरीअण्णांचा हॉल अशा दिवशी अक्कांना नुसता मागितला की मिळायचा. आणि त्या हॉलमध्ये, भर दुपारी, अक्का लोकांना टेक्नोवर नाचवायच्या.

टेक्नो म्हणजे यंत्रांनी केलेलं संगीत. त्यात गायक नसतो, शब्द नसतात, एक ठेका असतो आणि तो थांबत नाही. आज हे सांगायची गरज पडू नये, पण मी बोलते आहे ते नव्वदीच्या दशकाबद्दल. तेव्हा शहरात केबलच्या वायरी नुकत्याच गच्चीवरून गच्चीवर जायला लागल्या होत्या आणि दर दोन दुकानांआड कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. डीजे हा शब्दसुद्धा कितीतरी लोकांना माहीत नव्हता. बाई डीजे असते, हे तर मलाही अक्कांना पाहीपर्यंत माहीत नव्हतं. अक्का स्वतःला डीजे म्हणवून घेत नसत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आमची साऊंड सर्व्हिस आहे."

ती खरोखरच होती. अक्कांचे वडील, नाना नळगीरकर, यांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. घराणं मूळचं निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलखातलं, पण नानांचा जन्मच हैदराबादेत गेला होता. गणपती, कीर्तन, सभा, शाळांची गॅदरिंगं, सगळीकडे नळगीरकरांचे कर्णे. अक्का दहावीत असल्यापासून वायरी ओढत होत्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या तिशी ओलांडलेल्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि अंबाड्यात आकड्याच्या जागी टेस्टर. वीज आहे की नाही हे पाहायचा तो छोटा पेचकस त्या इतक्या सवयीने केसांतून काढायच्या आणि परत खोचायच्या की लग्नाच्या मांडवात बायका आधी त्यांच्याकडे बघत राहायच्या आणि मग नवरीकडे.

माझी आणि त्यांची ओळख एका शिट्टीमुळे झाली.

मी देगलूरची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटर शिकायला म्हणून नारायणगुड्याला मामांकडे आले. क्लासच्या उद्घाटनाला आभार मानायचं काम सरांनी मला दिलं, आणि तेही इंग्रजीतून. मी चार दिवस पाठ केलं होतं. माईकजवळ उभी राहिले आणि पाठ केलेलं पुन्हा पुन्हा पुटपुटायला लागले. मागे वायरी लावत असलेल्या अक्कांनी ते पाहिलं. त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मराठी ना तू? अडलीस तर माझ्याकडे बघ. मी शिट्टी काढते."

मला काही कळलं नाही. पण तिसऱ्या वाक्याला अडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एक बटण जरासं फिरवलं. माईकने अशी कर्कश शिट्टी मारली की पाहुण्यांसकट सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. शिट्टी थांबेपर्यंत मला पुढचं वाक्य आठवलं. असं आणखी दोनदा झालं. शेवटी टाळ्या पडल्या. बाहेर पडताना सर कोणाला तरी सांगत होते, "नळगीरकरांचा माईक पूर्वीसारखा राहिला नाही."

मी अक्कांची माफी मागायला गेले. त्या वायर गुंडाळत होत्या. "माफी कायको?" त्या म्हणाल्या. "माईकला बोल लागला तर काय त्याला रडू येतं? गाव कोणतं तुझं?" मी सांगितलं. त्या दिवसापासून मी देगलूर. माझं नाव त्यांनी पुढे कधी विचारलं असेल तर मला आठवत नाही.

टेक्नोचं वेड त्यांना लागलं ते लक्ष्मीमुळे. लक्ष्मी ही त्यांची शाळेतली तेलुगू मैत्रीण, लग्न होऊन जर्मनीत गेलेली. तिला घर खायला उठायचं, म्हणून ती रेडिओवर जे लागेल ते कॅसेटवर भरून अक्कांना पाठवायची. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या त्या कॅसेटी. त्यांत संगीताबरोबर लक्ष्मीच्या स्वयंपाकघरातले आवाजही आलेले असत. एका कॅसेटमध्ये ठेका ऐन भरात असताना तिच्या कुकरची शिट्टी होते. अक्कांनी ती कधी काढून टाकली नाही. उलट त्या शिट्टीच्या जरा आधी आवाज कमी करायच्या आणि शिट्टीला एकदम वाढवायच्या, म्हणजे ती नीट ऐकू यावी. आमच्या हॉलमध्ये मुली त्या शिट्टीची वाट बघायच्या आणि ती झाली की सगळ्या मिळून एकच कल्ला करायच्या. जर्मनीत ज्या कोणी ते संगीत केलं असेल, त्याला हैदराबादेत त्याच्या ठेक्यावर भात शिजतो हे कधी कळलं नसेल.

"मला हे का आवडतं सांगू?" अक्का एकदा म्हणाल्या. "यात गाणारा कोणी नाही. त्यामुळे कोणी कोणाला सोडून गेलेलं नाही. कोणी कोणाची वाट बघत बसलेलं नाही. खामखा रडारड नाही. नाचायचं, घाम पुसायचा, घरी जायचं."

नानांचं मत वेगळं होतं. ते दुकानाच्या पायरीवर बसून म्हणायचे, "पोरीनं गिरणी लावलीय. पीठ कुठं पडतं तेवढं दिसत नाही."

अक्कांकडे रेकॉर्ड फिरवायची यंत्रं नव्हती. दोन कॅसेट डेक होते. एक कॅसेट संपत आली की दुसरी अशी सुरू करायची की दोन्हींचे ठेके एकावर एक बसावेत, हे डीजेचं मुख्य काम. पण कॅसेटचा वेग कमीजास्त करता येत नाही. डेकच्या मोटरमध्ये वेगाचा एक बारीकसा स्क्रू असतो, तो अक्कांनी वायर जोडून बाहेर काढला आणि त्यावर जुन्या रेडिओचं स्टेशन बदलायचं मोठं बटण बसवलं. आता बोटाने वेग कमीजास्त होऊ लागला. हे जमलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या आळीला मिरची भजी खाऊ घातली. कशाबद्दल, ते कोणालाच कळलं नाही.

दोन कॅसेटींचा जोड नीट झाला की नाही, हे त्या कानांवर सोडत नसत. पायांवर सोडायच्या. पाय माझे. दुकानावरच्या गच्चीत रबरी चपला घालून मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठेक्यावर चालायचं. जोड आला आणि माझं पाऊल अडखळलं, तर त्या सगळं पुन्हा पहिल्यापासून करायच्या.

"तू मुद्दाम अडखळलीस."

"नाही अक्का."

"मग मी चुकले. चल, परत."

शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बाई मामींना म्हणाल्या होत्या, तुमच्या भाचीला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय का. मी मात्र त्या गच्चीत नीट चालायला शिकले असं मला वाटतं. देगलूरला मुलीने रस्त्यावर पायाकडे बघत चालायचं असतं. इथे पायाकडे बघितलं की अक्का ओरडायच्या, "समोर! पाय आपोआप येतात."

दुपारच्या त्या नाचाची जाहिरात कधी नसायची. एकीने दुसरीला सांगायचं. पण मुलीने सांगितलं म्हणून आई सोडत नाही, तेव्हा अक्का स्वतः प्रत्येक मुलीच्या घरी जायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा मामींनी त्यांना पाटावर बसवून सरळ उलटतपासणी घेतली.

"मुलं येतात का हो तिथं?"

"येतात."

"मग?"

"मग काय? दोन तासांत थकून खुर्च्यांवर बसतात. पोरी थकत नाहीत."

"आणि लक्ष कोण ठेवतं?"

"तुम्ही," अक्का म्हणाल्या. "आईला नाहीतर मामीला सोबत आणल्याशिवाय मी पोरीला घेतच नाही. खुर्च्या मांडलेल्या असतात. पंखा आहे. दिवेलागणीच्या आत सगळ्या घरी."

मामी आल्या. येताना मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या, बसल्याबसल्या निवडायला. हॉलच्या भिंतीला लागून आयांची रांगच असायची. कोणी मेथी, कोणी चिंच, कोणी विणकाम. मधे धडधडतं टेक्नो आणि कडेला निवडलेली भाजी. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मामींची मेथी ठेक्यावर निवडली जाते. मी ते त्यांना सांगितलं नाही.

आपलं संगीत सोडून दुसरं काही लावायचं नाही, हा अक्कांचा एकच हट्ट होता. पण त्या कोणाला नाही म्हणत नसत. एकदा एक मुलगा सिनेमाच्या गाण्याची फर्माईश घेऊन आला. अक्का म्हणाल्या, "हौ, लावते. तोपर्यंत नाच." तो नाचला. शेवटी घामाघूम होऊन आला. "अक्का, माझं गाणं?" अक्का म्हणाल्या, "लावलं की रे. तुझं लक्ष कुठं होतं?" तो बिचारा मित्रांना विचारत राहिला, कधी लागलं होतं म्हणून.

हे सगळं हौशीवर चाललं होतं. पोट भरत होतं ते माईकवर. आणि त्या वर्षी नाना थकले. गुडघे गेले. लातूरचा एक साऊंडवाला सगळे स्पीकर एकदम घ्यायला तयार होता. नानांनी अक्कांना समोर बसवून सांगितलं. मी तिथेच चहा गाळत होते. "हेमा, पोरी, तुझ्या गिरणीला कोणी कामावर ठेवत असेल, तर स्पीकर तुझे. माझं काही म्हणणं नाही. पण माईकचा धंदा आता एकटीनं ओढायचा नाही. दसऱ्याच्या आत काही झालं नाही, तर सामान लातूरला."

अक्का फक्त "हौ" म्हणाल्या. त्या आठवड्यात त्या दोनदा चहात साखर घालायला विसरल्या, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग एका मोठ्या हॉटेलचा पत्ता लागला. तिथे नवा डिस्को निघत होता. मॅनेजर चोप्रासाहेब. अक्का त्यांना जाऊन भेटल्या. बाई डीजे म्हटल्यावर त्यांना गंमत वाटली. रविवारी येऊन ऐकतो म्हणाले, सोमवारी दिल्लीला जाणार होते. तो रविवार म्हणजे आषाढातली, दिव्यांची अवस. अक्कांनी यादगिरीअण्णांना महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "अण्णा, आषाढातली अवस माझी." अण्णा म्हणाले होते, "अमावास्या तुमचीच, अक्का." दोघंही तारीख बोलले नाहीत. त्यांच्यात तशी पद्धतच नव्हती. तिथीवरच सगळं चालायचं.

रविवारी अकराच्या सुमाराला टेम्पोतून सामान घेऊन अक्का, नाना आणि मी हॉलवर पोचलो, तर दारावर झेंडूच्या पिवळ्या माळा. आत पिवळे पडदे, पिवळ्या ओढण्या आणि हळदीचा वास. यादगिरीअण्णा धावत आले. "अक्का, हे काय? तुमची अमावास्या उद्या आहे."

"आज आहे, अण्णा."

"उद्या."

अण्णांनी ऑफिसातून तेलुगू कॅलेंडर काढून आणलं. त्यात सोमवारी काळा ठिपका. अक्कांनी पिशवीतून मराठी कॅलेंडर काढलं. त्यात रविवारी काळा ठिपका. दोन्ही कॅलेंडरं शेजारीशेजारी धरून दोघं उभे राहिले. अवस रविवारी दुपारी लागत होती आणि सोमवारी सकाळनंतर संपत होती. मराठीवाल्यांनी तिचा एक दिवस धरला होता, तेलुगूवाल्यांनी दुसरा. एवढ्या वर्षांत असं कधी नडलं नव्हतं, आणि नडलं ते नेमकं आज. आता आया यायला लागल्या होत्या. मामी मधे पडल्या आणि दर्श आणि अवस यांतला फरक सगळ्यांना समजावून सांगू लागल्या, त्याने गोंधळ आणखी वाढला.

आत कार्यक्रम होता तो निखत नावाच्या मुलीचा मांजा, म्हणजे लग्नाआधीची हळद. मुसलमान घरात हा सगळा बायकांचा समारंभ. पुरुषाने आत पाऊल टाकायचं नाही. निखतची मोठी मावशी, सगळे तिला जुबेदाखाला म्हणत होते, दारात खुर्ची टाकून बसली होती आणि आमचं भांडण कौतुकाने ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "हमारे में चाँद दिखा तो महीना, नै दिखा तो नै. तुमारे अमावस में तो चाँद हैच नै. फिर झगड़ा कायका करते बाबा?"

मामींनी दोघांच्या हातांतली कॅलेंडरं काढून घेतली आणि गुंडाळून ठेवली.

जुबेदाखालाची स्वतःची एक अडचण होती. ढोलक घेऊन गाणाऱ्या बायका आल्या होत्या, पण त्यांच्यासाठी सांगितलेला माईकवाला पुरुष होता. खालाने त्याला दारातूनच परत पाठवला होता. तिने अक्कांच्या स्पीकरकडे पाहिलं, मग अंबाड्यातल्या टेस्टरकडे.

"ये मशीन कौन चलाता?"

"मैं चलाती."

"साथ में मर्द?"

"कोई नै, खाला."

"तो बाहर कायकू खड़ी है? अंदर आ."

तेवढ्यात चोप्रासाहेबांची गाडी आली. यादगिरीअण्णांना आपली चूक भरून काढायची होती. ते म्हणाले, "अक्का, खालचं सेलार रिकामं आहे. तुम्ही तिथं लावा. साहेब ऐकतील." सेलार म्हणजे हॉलखालची गाड्या लावायची जागा. गार होती, मोठी होती, वाईट नव्हती. नाना म्हणाले, "हेमा, खाली घे सामान. साहेब एकदाच आलेत." मीही तेच म्हणाले असते.

पण आमच्या मुली एव्हाना वर शिरल्या होत्या. कोणीतरी त्यांच्या गालांना हळद फासली होती, डोक्यांवर पिवळ्या ओढण्या टाकल्या होत्या. हॉलच्या दारातून हसण्याचा कल्लोळ येत होता. अक्का क्षणभर खाली पाहत राहिल्या, मग वर.

"साहेब," त्या चोप्रांना हिंदीत म्हणाल्या, "नाचणारे वर गेले. मशीन तिथंच लागेल. तुम्ही बसा. भिंतीतून ऐकू येतं."

असं म्हणून त्या पायऱ्या चढल्या. नाना, चोप्रासाहेब, नवरीचे काका-मामा आणि आमच्यातली मुलं असे सगळे पुरुष सेलारमध्ये खुर्च्या टाकून बसले. यादगिरीअण्णांनी त्यांना चहा दिला.

त्या दुपारी वर जे झालं ते पुरुषांपैकी कोणी पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगते.

आधी ढोलकवाल्या बायका गायल्या. सासू, नणंद, विहीण, सगळ्यांची टिंगल करणारी गाणी. अक्कांनी त्यांना माईक दिले आणि आपली कॅसेट अगदी बारीक आवाजात ढोलकाखाली सुरू केली. ढोलक माणूस वाजवतो, त्यामुळे रंगात आला की तो पळतो. अक्कांचं बोट रेडिओच्या बटणावर. ढोलक पळाला की त्या कॅसेट पळवायच्या, ढोलकाने दम घेतला की कॅसेटही दम घ्यायची. गाणाऱ्या बायकांना कळलंच नाही की ढोलकाखालून आणखी कोणी वाजवतंय. एवढंच कळलं की आज हात थकत नाहीत. मग त्यांचं गाणं संपलं, ढोलक थांबला आणि ठेका थांबला नाही. अक्कांनी आवाज हळूहळू वर आणला.

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"ये क्या है, अम्मा?" जुबेदाखाला म्हणाली. "गानेवाला किदर गया?"

"गानेवाला नक्को, खाला," अक्का म्हणाल्या. "आज सिर्फ पाँव."

आमच्या मुलींनी सुरुवात केली. मग निखतच्या चुलतबहिणी आल्या, मग त्यांच्या आया. बुरखे दाराशी एका खुर्चीवर रचून ठेवलेले होते. जिथे कोणी बघणारं नाही तिथे बाई कशी नाचते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मामींनी हातातली मेथी माझ्याकडे दिली आणि त्या उठल्या. कुकरची शिट्टी झाली तेव्हा एक आजी दचकून म्हणाल्या, "चूल्हा कौन देख रा?" त्यावर हॉलभर हशा पिकला.

नवरीने मांजाच्या चौकीवरून उठायचं नसतं. निखत पिवळ्या ओढणीखाली मान खाली घालून बसली होती. पण तिची टाच ठेक्यावर आपटत होती. जुबेदाखालाच्या ते लक्षात आलं. मला वाटलं, आता ही रागावणार. खाला तिच्या शेजारी येऊन बसली, आपल्या ओढणीचं टोक तिच्या पावलावर नीट पसरलं आणि दुसरीकडे बघू लागली. ओढणीखाली ती टाच शेवटपर्यंत आपटत होती.

पाचच्या सुमाराला अक्कांनी आवाज उतरवला. आयांना घरी जाऊन दिवे घासायचे होते. आम्ही खाली आलो तेव्हा चोप्रासाहेब उठून उभे होते. ते भले गृहस्थ होते, उगीच वाईट का म्हणू? म्हणाले, "ठेका पक्का आहे तुमचा. भिंतीतून ऐकला तरी पाय हलत होता. पण आमच्याकडे लोक बसणार, खाणार-पिणार, ओळखीची गाणी मागणार. हे असं न थांबता चालणारं तिथं चालायचं नाही. तुम्ही गाणी वाजवणार असाल, थोडं नटूनथटून उभ्या राहणार असाल, तर मी दिल्लीहून आलो की या."

अक्का म्हणाल्या, "नक्को, साहेब." आणि कोपर ते पंजा अशी वायर गुंडाळायला लागल्या. गाडी गेली. मला लातूरचा टेम्पो डोळ्यांसमोर दिसायला लागला. अक्कांनी एक वायर गुंडाळून सोडली आणि तीच परत गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात वरून, जिन्याच्या पडद्याआडून, जुबेदाखालाचा आवाज आला. "वो मशीनवाली बच्ची किदर है?"

अक्का पुढे झाल्या. खाला पडद्याआडूनच बोलत राहिली. निखतच्या धाकट्या बहिणीचा मांजा आहे. खालाच्या जावेच्या मुलीची मेंदी आहे. माहेरी दोन लग्नं आहेत, तिकडे तर बायका नुसत्या बसून कंटाळतात, कारण बाजेवाले पुरुष आत घेता येत नाहीत. मेहदीपट्टणमला तिची मैत्रीण आहे, तिला चार मुली. "सब को मैं बोलती. येइच बजाना. गानेवाला लाई तो देख."

खालाची नावं संपेनात. नाना खुर्चीत बसून ऐकत होते. गुडघ्यावर हात ठेवून ते सावकाश उठले आणि यादगिरीअण्णांना म्हणाले, "अण्णा, तुमचा फोन जरा द्या. लातूरवाल्याला नाही म्हणून कळवतो."

अक्कांनी केसांतला टेस्टर काढला, पाहिला आणि परत खोचला. दुसरं काही करायला त्यांना सुचलं नसावं.

त्यानंतर त्यांचा धंदा चालला तो असा. मांजे, मेंद्या, नवऱ्याकडच्या बायका नवरीला कपडे-दागिने घेऊन येतात तो सांचक. एका घरातून दुसऱ्या घरात नाव जायचं. रिकाम्या दिवशी यादगिरीअण्णांच्या हॉलमधला आमचा नाचही चालू राहिला, फक्त आता दोघं तिथीबरोबर तारीखही बोलायचे. मध्यंतरी एका मासिकात आपल्या देशातल्या पहिल्या बाई डीजेंबद्दल लेख आला होता. मुंबईची होती, गोव्याची होती, बंगळुरूची होती. अक्कांचं नाव नव्हतं. असणार कुठून? त्या जिथे वाजवायच्या तिथे कॅमेरा न्यायची परवानगी नव्हती आणि लेख लिहिणाऱ्या गृहस्थांना दारातूनच परत पाठवलं असतं. अशा लपूनछपून चालणाऱ्या कार्यक्रमांना अंडरग्राउंड म्हणतात, असं त्या लेखातून मला कळलं. अक्कांचं ते इतकं खोल होतं की वरच्यांना त्याचा पत्ताच लागला नाही.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. ज्या मुलाखतीत ती लागली तिथेही मी इंग्रजीत अडले होते, पण समोर बघत राहिले आणि वाक्य आलं. काही वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी एका दिवसापुरती हैदराबादला गेले. काम दुपारी आटोपलं. नामपल्लीहून गाडी संध्याकाळची होती. दुकानावर गेले तर शटर बंद. शेजाऱ्याने सांगितलं, अक्का मेहदीपट्टणमच्या एका हॉलला गेल्यात.

तिथे पोचले. बाहेर पुरुष खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. आतून तो ठेका येत होता. दारात एक म्हातारी बाई बसली होती, मला अनोळखी. तिने हात आडवा केला. माझा ऑफिसचा वेश, खांद्याला बॅग. लग्नघरातली मी दिसत नव्हतेच.

"किसके तरफ से?" तिने विचारलं. म्हणजे नवरीकडची की नवऱ्याकडची?

मी जरा घुटमळले आणि म्हणाले, "अक्का के तरफ से."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग ती उठली, आपली खुर्ची बाजूला सरकवली आणि दार उघडलं.

आत दोन अडीचशे बायका नाचत होत्या. स्टेजवर अक्का होत्या. केस बरेच पिकले होते, नाकावर चष्मा आला होता. कॅसेट डेकच्या जागी आता खऱ्याखुऱ्या, रेकॉर्ड फिरवायच्या दोन तबकड्या होत्या. शेजारी बारीक चणीची एक मुलगी उभी होती आणि अक्का तिचं बोट धरून तबकडीच्या कडेवर ठेवत होत्या. इतक्या गर्दीत त्यांनी मला कसं पाहिलं कोण जाणे. हात मोकळे नव्हते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, हनुवटीने नाचणाऱ्यांमधली एक रिकामी जागा दाखवली आणि मी तिथे पोचायच्या आत पुन्हा त्या मुलीच्या बोटाकडे वळल्या.